नऊ सकाळींचं धुकं

कारधा
५ ऑक्टोबर २०२४

दादाले रुखमाचा दोन्ही हातानं नमस्कार.

मी सांगून राहिली अन् गुंजन लिहून राहिली. फोन मुद्दामच केला नाही. मांगच्या खेपेले मी इकून बोंबलली, तं तुले काही आयकू गेलं नाही, अन् आमच्या शेजारच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. तू चाळीस साल लोकायची डाक वाटली, तं आपलं पत्र तरी वाचशील.

काम असं आहे. गुंजनचा नंबर गोंदियाले लागला. रक्त तपासाचं शिकवते म्हणे तिथं, लॅब टेक्निशियन का काय. होस्टेलात राहा लागते. पंचवीस नोव्हेंबरच्या आत हजर झाली नाही तं जागा दुसऱ्याले जाईन. राजकुमार अन् सून दोघंही नागपूरले कामावर. पोरगा म्हणते, "आई, नात तू वाढवली, तूच ठरव." झालं, आलं माह्याच गळ्यात.

तिच्या रक्तात सिकलसेल आहे हे तुले मालूम आहे. थंडी लागली का हातपाय असे दुखते का पोरगी उशी चावत बसते. इथं मी तिले हिवाळाभर चुलीपाशी ठेवते. अन् गोंदियाची थंडी तं अख्ख्या विदर्भात बदनाम.

तू घटाच्या दिवसात नदीवरचं धुकं पाहून हिवाळा सांगतोस, आपल्या बाबाजीवाणी. यंदाचं नीट पाहून कळव. नरम असन तं पोरीले धाडते, कडक असन तं नाही धाडत. तू म्हणशील तसं.

— रुखमा

(आबाजी, आजीनं सांगतलं तेवढंच लिहिलं. माझं मत कोणी इचारलं नाही, म्हणून लिहिलं नाही. — गुंजन)


पुनर्वसन, अड्याळजवळ
१३ ऑक्टोबर २०२४

रुखमाले भय्याजीचा आशीर्वाद, अन् लिहिणारीले डबल.

पत्र पोचलं. नव्या डाकवाल्यानं दारातून फेकलं, थे गाईच्या पुढ्यात पडलं. आमच्या जमान्यात हातात देत होतो. असो.

तू मले हिवाळा इचारला, त्यानं माही छाती फुगली. खरं सांगू काय, पावसाचं भाकीत सांगणारे आमच्या वसाहतीत सतरा जण आहेत. कोणी टिटवीचे अंडे पाहते, कोणी मुंग्या, कोणी पंचांग. सेवकराम तं मोबाईल पाहते. त्याच्या मोबाईलनं पाऊस सांगतला का आम्ही धान वाळाले टाकतो, इतका त्याच्यावर भरोसा. हिवाळ्याची गादी तेवढी खाली होती. बाबाजी गेल्यावर कोणी बसाले तयार नव्हतं, मी बसलो. खाली खुर्ची दिसली का बसाची, ही सरकारी नोकरीची सवय.

बाबाजीचा हिसाब तुले आठवत असनच. घट बसले का नऊ सकाळी काठावर जायचं. जितक्या सकाळी पल्याडचा काठ दिसत नाही, तितके आठवडे कडक हिवाळा. मी नऊच्या नऊ दिवस कानटोपी घालून गेलो. एक दिवस घसरून पाण्यात बसलो, तरी नजर पल्याडच होती. यंदा नवातल्या नव सकाळी धुकं. म्हणजे नऊ आठवडे हाडं फोडणारी थंडी. इथं एवढी, तं गोंदियात काय होईन!

मांगच्या सालीही मी कडकच सांगतलं होतं, हे कबूल. आमच्या रंभाबाईनं माह्या भरोशावर दोन रजया भरून घेतल्या, अन् ऐन पौषात बाई पंखा लावून झोपली. आता मी रस्त्यानं दिसलो का थे पदरानं वारा घेते. त्याच्या आधीच्या सालीही थोडं असंच झालं. पण वैद्याचे सगळेच रोगी वाचते काय?

तं माहा सल्ला, पोरीले धाडू नको. पुढच्या साली पाहू.

— भय्याजी


कारधा
२१ ऑक्टोबर २०२४

दादाले नमस्कार.

तुहं पत्र वाचून जीव थंड झाला. कडक म्हणजे कडक. मी गुंजनले सांगून टाकलं, आबाजीनं नाही म्हटलं, आता इषय संपला. दोन दिवस झाले, पोरगी माह्याशी बोलून नाही राहिली. जेवते, पण ताट आपटते. लिहून मात्र देते, तेवढी भली आहे.

तिले म्हटलं, बाई, इथंच कालेजात नाव घाल, बी.ए. कर. तं म्हणते, "लहानपणापासून सगळ्यायनं माझं रक्त पाह्यलं, आता मले दुसऱ्यायचं पाहाचं आहे." आता याले काय म्हणावं! पण तू सांगतलं म्हणजे सांगतलं.

भाऊबीजेले ये. करंज्या करून ठेवते.

— रुखमा

(आबाजी, इथून पुढं माझं. तुमच्याजवळ डायरी आहे, दर सालचं धुकं तिच्यात लिहून ठेवता, असं आजी सांगते. मले फक्त आकडे पाहिजे. पुनर्वसनात राहाले गेल्यापासून दर साली नवातल्या किती सकाळी धुकं होतं? अन् जुन्या गावात होते तवा किती असे? बारावीच्या प्रॅक्टिकलले आम्हाले असंच शिकवलं, एकच रीडिंग पाहून निकाल लिहायचा नाही. — गुंजन)


पुनर्वसन
३० ऑक्टोबर २०२४

गुंजन पोरी,

हे पत्र तुले आहे. आजीले वाचून दाखवशील, पण खुर्चीवर बसवून दाखव.

डायरी काढली. जुन्या गावातले काही सालचे आकडे असे: दोन, पाच, शून्य, सात, तीन. अन् पुनर्वसनातले आयक: नव, नव, नव, नव, नव. अकरा साल झाले, एकही साल आठ नाही.

मी डायरी घेऊन काठावर गेलो अन् पाण्याकडं पाह्यलं. जुन्या गावात आपल्यापुढं नदी होती. कमरेएवढं पाणी, वाळू, पल्याड तरबुजाच्या वाड्या. आता गोसीखुर्दचं पाणी मांगं थोपून समुद्र झाला. एवढ्या पाण्यावर सकाळी धुकं नाही बसन तं काय धूळ बसन? पल्याडचा काठ तं मले भर दुपारीही नीट दिसत नाही. म्हणजे अकरा साल मी लोकायले हिवाळा नाही, धरण सांगून राहिलो होतो! गावं बुडवून धरण झालं, आपण उठून इकडे आलो, घराचा दरवाजाही संगं आणला, अन् ही एवढी मोठी गोष्ट डोळ्यापुढं असून मले दिसली नाही. अठरा सालाच्या पोरीनं एका ओळीत पकडली. करायले गेलो गणपती अन् झालं माकड, थेही शेपटीसकट.

तं भाकीत वापस. हिवाळा कडक नाही. नरमही नाही. मले काही मालूम नाही, एवढंच मालूम आहे. रुखमा, धुक्यापायी पोरीचं शिक्षण मोडू नको. धाड तिले.

भाऊबीजेले माहे गुडघे कसे राहते थे पाहून येतो.

— तुहा आबाजी, रिटायर डाकवाला, अन् आता हिवाळ्यातूनही रिटायर


कारधा
८ नोव्हेंबर २०२४

दादा,

भाऊबीजेले तू आला नाही. गुडघ्याचं सांगू नको, गुडघे तुहे मी लहानपणापासून पाहून राहिली. तू तोंड लपवून बसला.

आता माहं आयक. धरणाच्या पाण्याचं मले काय नवीन सांगतोस? थेच पाणी कारध्यापर्यंत येते. माह्या दारातही घटात रोज धुकं असते. तुहं भाकीत कायचं आहे हे मले तवाच मालूम होतं. तरी तुले काहून इचारलं? तू "धाडू नको" म्हणशील हे पक्कं मालूम होतं म्हणून. माह्या तोंडातून "नको" निघत नव्हतं. पोरीनं एवढा अभ्यास केला, तिच्या तोंडावर मी कसं नाही म्हणू? मंग म्हटलं, दादाच्या नावानं म्हणू. मी अशी वस्ताद. अन् तू खुशीत छाती फुगवून बसला.

पण धरणाचं सांगून तू सुटत नाहीस. धरणाले अकरा साल झाले. तू तं वीस साल झाले, कडकच सांगतोस. जुन्या गावात शून्य सकाळी धुकं होतं, थ्या सालीही कडकच सांगतलं. मी काय आंधळी आहे? रेणू गेली तवापासून तू नरम हिवाळा म्हणून सांगतलाच नाही.

मी तुले कधी दोष देला नाही दादा. मनातही नाही. माही पोरगी होती, धाडलं मी होतं.

— रुखमा

(आबाजी, मले आजवर सगळ्यायनं सांगतलं होतं का रेणू आत्या निमोनियानं गेली. गोष्ट वेगळीच आहे, थे हे पत्र लिहिता लिहिता आत्ता कळलं. आजी रडून राहिली, म्हणून मी इचारलं नाही. तुम्ही लिहा. सगळं लिहा. — गुंजन)


पुनर्वसन
१५ नोव्हेंबर २०२४

रुखमा, अन् गुंजन,

तीन कागद फाडले. चाळीस साल डाकखात्यात काढले, पण पत्र लिहिणं इतकं जड असते हे मले आत्ता समजलं.

गुंजन, तुही रेणू आत्या सतरा सालाची होती. तिलेही तुह्यासारखंच हातपाय दुखाचे. तवा कोणी वात म्हणे, कोणी बाहेरचं म्हणे. बिमारीले नावच नव्हतं. दिवाळी झाली अन् तिले मावशीच्या गावच्या मंडईले जायचं होतं. आपल्याकडं मंडईत काय असते तुले मालूम आहे, मैदानात मांडव, दंडार, नाटक, उघड्यावर मुक्काम. तुह्या आजीनं मले इचारलं, "दादा, थंडी कशी राहीन?" थ्या साली एकच सकाळ धुकं होतं. मी बाबाजीच्या गादीवर नवानवा बसलो होतो. मिशीवर हात फिरवला अन् म्हटलं, "एक आठवडा. नरम हिवाळा आहे, जाऊ दे पोरीले, नाचू दे."

दुसऱ्याच दिवशी थंडी पडली. पोरगी चौथ्या दिवशी बैलगाडीत निजून आली. आधी पाय, मंग पाठ, मंग छाती. आठव्या दिवशी गेली.

तवापासून मी कडकच सांगतो. कडक सांगून चुकलो तं लोक हासते. रंभाबाई पदरानं वारा घेते, सेवकराम मोबाईल दाखवते, पोट्टे मले पाहून स्वेटर काढते. हासू दे. वीस साल मी गावाचा जोकर झालो, पण माह्या भरोशावर कोणाची पोरगी थंडीत गेली नाही. रात्रंदिवस हाच हिसाब डोक्यात होता. तू तं मले धरणावरून पकडलं, गुंजन, अन् मी खुश झालो का चला, मोठ्या चुकीऐवजी लहान चूक कबूल करून भागते. तुही आजी भागू देत नाही.

आता मोठा भाऊ म्हणून एक बोलतो रुखमा. रेणूच्या बिमारीले नाव नव्हतं, गोळी नव्हती, रिपोर्ट नव्हता. गुंजनपाशी तिन्ही आहेत. पाणी किती पेवाचं, ताप आला तं कवा डॉक्टराकडं पळाचं, हे तिले आपल्या दोघायपेक्षा जास्त समजते. चुलीपाशी बसवून तू तिले थंडीपासून वाचवशील, पण मंग तिनं वाचून कराचं काय? तुह्या चुलीवर फुंकर मारत बसाचं?

मी यंदा काहीच सांगत नाही. नरम नाही, कडक नाही. ठरवाचं आहे तं हिवाळ्याले न इचारता ठरव. मलेही इचारू नको.

संगं पार्सल आहे. डाकखात्याचा खाकी स्वेटर, रिटायर झालो तवापासून पेटीत होता. गुंजनले लय मोठा होईन, अन् दिसाले तं भयाण आहे. पण गरम आहे.

— भय्याजी


गोंदिया, होस्टेल
१६ डिसेंबर २०२४

आबाजी, नमस्कार.

चोवीस नोव्हेंबरले आजीनं स्वतः मले गाडीत बसवून देलं हे तुम्हाले कळलंच असन. स्टेशनावर गाडी सुटली तवा धावत आली अन् खिडकीतून दहा रुपयाचा चिवडा देला. डब्यातले लोक म्हणे, "पोरगी इदेशात जाऊन राहिली काय?"

मोबाईलवर तुम्हाले आयकू येत नाही, अन् जे लिहून राहिली थे बोलून सांगता आलं नसतं, म्हणून पत्र.

थंडी पडली आबाजी. कायची थंडी! सकाळी नळाखाली हात धरला का हात आपला वाटत नाही. तुमचा स्वेटर मी रोज घालते, सगळ्या पोरी मले 'डाकबाबू' म्हणते. पण दहा तारखेले मले दुखणं उठलं. पायापासून. मी ओळखलं, पाणी पेली, गोळी घेतली, तरी थांबलं नाही. मंग रूममधली शुभांगी मले आटोत घालून दवाखान्यात घेऊन गेली. दोन दिवस भरती होती. सलाईन, ऑक्सिजन, सगळं. मी खोटं नाही सांगत, मी भेली होती. बाजूच्या बेडवर कोणी नव्हतं, अन् मले रेणू आत्या आठवली, जिले मी कधी पाह्यलं नाही. लय रडली. आजी पाहिजे होती.

आता ठीक आहे. तेरा तारखेपासून वर्गात जाते. सर म्हणे, घरी जा, महिनाभर आराम कर. मी म्हटलं, नाही. बावीसले आमची पहिली परीक्षा संपते, तिच्यात पास व्हायचं आहे. परवा मी पहिल्यांदा मायक्रोस्कोपमध्ये माझंच रक्त पाह्यलं. इळ्यावाणी वाकड्या पेशी. अठरा साल जे मले त्रास देऊन राहिलं, थे एवढंसं आहे!

आजीले मी अजून सांगतलं नाही. फोनवर "बरी आहे" म्हटलं. तिले कळलं तं थे पहिल्या गाडीनं येऊन मले घरी नेईन, अन् मंग मी कधीच वापस येणार नाही, हे मले मालूम आहे. पण तिच्यापासून लपवणंही होत नाही. आपल्या घरात लपवून काय झालं थे पाह्यलं. तुम्ही सांगा तिले. कसं सांगाचं थे तुम्ही ठरवा.

अन् हो, तुमचं भाकीत खरं निघालं. अभिनंदन म्हणू काय?

— गुंजन


पुनर्वसन
१९ डिसेंबर २०२४

गुंजन बेटा,

तुहं पत्र काल आलं. आजच उत्तर टाकतो, गोंदियाले परवा पोचीन. चाळीस सालाचा अनुभव आहे, हे भाकीत चुकणार नाही.

आधी माही फजिती आयक. भाकीत वापस घेतलं हे मी फक्त तुम्हाले लिहिलं होतं, गावात सांगाची हिंमत झाली नाही. म्हणून गावाच्या हिसाबानं भय्याजीनं घटात 'नऊ आठवडे' सांगतलं, अन् आता दात वाजून राहिले. बोलाफुलाले गाठ पडली, अन् मी संत झालो. रंभाबाईनं रजयीत गुंडाळून येऊन माह्यापुढं नारळ ठेवला. सेवकरामनं चौकात सगळ्यायपुढं मोबाईल खिशात घातला अन् म्हणे, "काका, तुम्हीच खरे." वीस साल मी या दिवसाची वाट पाह्यली होती. अन् खिशात तुहं पत्र. नारळ घरी आणला, अन् न फोडता तसाच ठेवून देला. अख्ख्या गावात मी एकटाच माणूस, ज्याले आपण चुकावं असं वाटून राहिलं होतं.

आज पहाटेच्या गाडीनं कारध्याले गेलो. तुह्या आजीले समोर बसून सगळं सांगतलं. दहा तारीख, दवाखाना, ऑक्सिजन, काही गाळलं नाही. थे उठली, पिशवी काढली, तुही शाल, माह्या अंगावरची चादर, लाडूचा डबा, कोंबत गेली. मी म्हटलं, "रुखमा, पोरीले आणाले चालली काय?" तिनं पिशवीची गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. मी भाऊ आहे तिचा, पण मलेही तिच्याकडं पाहवत नव्हतं.

मंग म्हणाली, "दादा, परीक्षा कवा संपते म्हणाली थे?"

मी म्हटलं, "बावीसले."

"तं आज जाऊन काय कराचं? तिचा अभ्यास मोडन." अन् तिथंच बसून रडली. मीही रडलो. दोघं म्हातारे, दिवसाढवळ्या, दार उघडं. शेजारीण डोकावली तं आजी तिच्यावर ओरडली, "हिवाळा आहे, डोळ्यातून पाणी येते!"

मी निघालो तवा तिनं मले दोन गोष्टी तुले सांगाले सांगतल्या. एक, दुखणं उठलं तं तिलेच पहिले फोन कराचा, बरी आहे म्हणून खोटं सांगाचं नाही. थे ओरडणार नाही, तिनं शपथ घेतली. मले भरोसा नाही, तरी लिहितो. दुसरी, वाकड्या पेशी तिलेही पाहाच्या आहेत. तुह्या सरायले इचारून ठेव, म्हातारीले त्या मशीनपाशी उभं राहू देते का.

तेवीसले सकाळच्या गाडीनं आम्ही दोघं येऊन राहिलो. स्टेशनावर येऊ नको, थंडी असते, आम्ही पत्ता इचारत येतो. पेपर नीट लिही.

वापसीचं तिकीट दोघायचंच काढतो.

— तुहा आबाजी